सहा बोटांची ढबी

गप बसा रे जरा. ऐका. आन् रंग्या, तुझी चुळबूळ बंद कर, न्हाईतर ऊठ आन् घरी जा. मधी मधी "मंग काय झालं, मंग काय झालं" केलेलं मला चालायचं न्हाई. काय झालं तेच सांगतेय न्हवं?

तर मी तवा पंचविशीची. जेवनखान उरकल्यावर एकटी बाई कंदील घेऊन सावरीच्या ओढ्याकडं निघाली. का निघाली? भूत बघायला? अरं, कुनाला हौस हाय! आमच्या मालकांपायी निघाली. माझ्या जल्माला जेवढी भुतं लागली, त्यातलं पयलं तेच.

आमच्याकडं एक मांजर व्हती. ढबी. आता साध्या मांजराला पुढच्या पायाला पाच बोटं असत्यात. हिला जल्मापास्नं सहा. सहावं असं बाजूला, आपल्या अंगठ्यासारखं. चालली की वाटायचं, पोरानं बापाच्या वहाना घातल्यात. आन् त्या अंगठ्यानं काय करायची, ठावं हाय? फडताळाची कडी काढायची! माणसावानी! दूध, साय, समदं चाटूनपुसून साफ. मालक म्हनायचे, "मांजर न्हाई, दरोडेखोर हाय." मी म्हनायची, "मंग कुलूप आना." आता कुलूप आनायला बाजारात जावं लागतं. तेवढं कुठलं त्यांच्यानं व्हतंय!

एक दिस मी तिन्हीसांजेला रानातनं आले. चूल पेटवतेय, तर कणगीमागं ही केकाट. ढबीची पिल्लं. चार. तीन दिसांची, डोळं बी उघडलं न्हवतं. म्हनलं, ढबी कुठंय? तर मालक काय म्हनत्यात, "सोडली ओढ्यापल्याड. पोत्यात घातली, पोतं सात बारी गरागरा फिरवलं. आता न्हाई वाट घावायची तिला."

"अवो, तिची पिल्लं हायेत घरात!"

"मला काय ठावं?"

"पोट दिसलं न्हाई तिचं?"

"मी काय मांजराचं पोट बघत बसू?"

आन् जेवले. पोटभर जेवले आन् कूस बदलून झोपले! मी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजाय गेले. एकानं घोट घेतला न्हाई. सकाळपतूर आई आली न्हाई तर चारी मरनार, हे दिसतच व्हतं. आन् ते पाप कुनाच्या दारात? माझ्याच की! घेतला कंदील, निघाले.

सावरीचा ओढा तुमाला ठावं हाय. तिथं अळवंतीण ऱ्हाती. बाळंतपनात गेलेली बाई, जीव पोरात अडकलेला. तान्ह्या लेकरांपायी गावात शिराय बघती, पन कुनी उचलून आत नेल्याबिगर तिला गावात येता येत न्हाई. हे मला बी ठावं व्हतं. पन डोस्कं फिरलं की भूतबीत काय आठवत न्हाई बघा.

ओढ्यात उतरले आन् कंदील गेला. वारा न्हाई, काय न्हाई. फुस्स! काळाकुट्ट अंधार. मी हाक दिली, "ढबेऽ!" तर डावीकडनं आवाज, म्याँव. डावीकडं गेले, तर उजवीकडनं. उजवीकडं गेले, तर मागनं. काट्यात पाय, चिखलात पाय. मी वरडले, "अगं भवाने, एका जागी बस की!"

तशी गप झाली. आन् एक मांजर आलं की पायाशी! अंग घासाय लागलं. उचललं. पंजा चाचपला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचच! दिलं टाकून खाली. "ही न्हवं माझी! माझ्या ढबीला पुढं सहा बोटं हायेत, सहा!"

आन् इथंच मी माती खाल्ली.

जरा वेळानं दुसरं आलं. उचललं. मोजलं. सहा! म्हनलं, घावली गं बाई. चालाय लागले. चार पावलं गेले, तर मांजर जड लागाय लागलं. शेळीएवढं. आनखी चार पावलं, तर ज्वारीच्या पोत्याएवढं. हात भरून आलं. सावराय म्हनून मागचा पाय धरला, तर तिथं बी सहा बोटं! मला असा संताप आला! दिलं आदळून. "मागं कुठं सहा असत्यात गं? मागं चारच असत्यात! तेवढं बी कळंना व्हय?"

हसू नका. तुमी असता तर चड्डी ओली केली असती. मी निदान भांडत तरी व्हते.

तिसरं आलं. पुढं सहा, मागं चार. वजन बी बरुबर. आता कुठं चूक काढू? छातीशी धरलं आन् गावाकडं वळले. शंभरेक पावलं आले असंन. आन् मनात आलं, हे एवढं गुमान कसं बसलंय? ढबी जल्मात कदी कडंवर दोन पावलं टिकली न्हाई. हळूच पोटावरनं हात फिरवला. कोरडं. चपाट. अरं, तीन दिसांची बाळंतीण मांजर, दिसभर पिल्लांनी लुचलेलं न्हाई, दूध तटतटून गळाय पायजे! इथं थेंब न्हाई. आन् अंग गार. माठावानी गार.

ह्या बारी मी तोंड उघडलं न्हाई. दात आवळलं आन् दिलं सोडून. पडल्याचा आवाजच न्हाई आला! कान देऊन हुबी ऱ्हायले. आन् माझ्या खांद्याजवळनं, कानात, एक बाई बोलली,

"आता काय चुकलं गं?"

आईच्यान सांगते, तिच्या आवाजात बी वैतागच व्हता. माझ्यासारखाच.

मी पळत सुटले. लुगडं फाटलं, चप्पल गेली, आन् कशाला तरी अडखळून आडवी पडले. त्ये जे काय व्हतं, त्यानं फिसकारून माझी पोटरी फोडली. ढबी! धोंड्याला चिकटून बसलेली. एवढा येळ हाका मारत व्हते, तिनं शेपूट हलवली न्हाई! पोटाला हात लावला, बोटं दुधानं भिजली. रडूच आलं मला. पदरात गुंडाळली आन् निघाले.

मंग शेवटचा डाव टाकला अळवंतिणीनं. मागनं हाक आली, "ढबेऽ, ये गं माझी बाय." माझा आवाज! जसाच्या तसा माझा! आता ती मला न्हाई, मांजराला फसवत व्हती. आन् आयुष्यात पयल्यांदा ते मांजर हाकंला उठलं! पदरात उसळाय लागलं. बारा बोटांची बारा नखं माझ्या हातात. हे बघा वण. "मी इथं हाय गं येडे," एवढं बोलाय जीभ वळवळत व्हती. बोलले न्हाई. अजून काय शिकवाय नको म्हनून. रगात कोपरापतूर आलं, पन हात सोडला न्हाई. वेशीचा दगड वलांडला, तवा आवाज थांबला.

घरी आले. पिल्लं लुचली. तीन लुचली. चौथं गार पडलं व्हतं. मी तिथं बोटं मोजत, चुका काढत बसले नसते, तर ते बी जगलं असतं. त्याचं दुक्ख मला अजून हाय. मालकांशी म्हैनाभर बोलले न्हाई, पन त्या पिल्लाचा राग त्यांच्यावर कमी, माझ्या जिभंवर जास्त.

तर सांगायचं काय, सावरीच्या ओढ्याच्या वाटंला अंधार पडल्यावर जायचं न्हाई. काय बी हरवू दे, त्याची खूण तिथं बोलून दाखवायची न्हाई. तिला माझा आवाज गावला तो गावलाच. गेल्या शिमग्यात तुकाची सून शेळी हुडकाय गेली, तर म्हनं हौसाक्का, म्हंजी मी, बोलवत व्हती. सकाळी डोहाकाठी घावली. जिती हाय, पन अजून नीट बोलत न्हाई.

म्हनून दिवेलागनीपास्नं मी ह्या ओट्यावर बसते. तुमाला गोष्टी सांगायची हौस न्हाई मला! समद्यांनी बघावं, आक्का इथं हाय, मंग तिकडची हाक तिची न्हवं.

पन माझं आता किती दिस? मी गेल्यावर बी ती बोलवनारच. माझ्याच आवाजात. आन् तुमाला बरं वाटंल रे, आक्काचा आवाज आला म्हनून. ओ द्यावीशी वाटंल.

देऊ नका. मी कदी कुनाला येवढ्या गोड आवाजात बोलावलंय का?