पुजलेले पाते

जबाब
दि. १३ ऑक्टोबर २०२५

मी, सौ. स्वप्ना सुदेश मुणगेकर, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (सहायक शिक्षिका), राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर आहे. शाळेतील विद्यार्थिनी अक्षया धोंडू गावकर हिला झालेल्या दुखापतीबाबत मला विचारण्यात आले. त्यावर मी जे पाहिले ते सांगते.

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. जवळच्या गावातील माध्यमिक शाळेत मी मराठी व कार्यानुभव हे विषय शिकवते. शाळेचे साहित्याचे कपाट माझ्या ताब्यात आहे. कात्र्या, स्टेपलर, पंच, मोठ्या फूटपट्ट्या, फळ्यावरचे कंपास आणि एक पेपर कटर त्यात असतो. काय घ्यायचे ते मी सुचवते आणि मुख्याध्यापक मंजूर करतात. घेतलेले नीट ठेवणे हे माझे काम आहे. इकडच्या दमट हवेत पाती लवकर गंजतात, म्हणून कात्र्यांच्या डब्यात मी खडूचे तुकडे टाकून ठेवते. पाती अधूनमधून खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसते.

कटर म्हणजे एक लाकडी फळी असते. तिच्या उजव्या कडेला लांब पाते आणि पात्याला हँडल असते. डाव्या हाताने कागद दाबून धरायचा आणि उजव्या हाताने हँडल खाली आणायचे. पात्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची पारदर्शक पट्टी स्क्रूने बसवलेली असते. बोटे पात्याखाली जाऊ नयेत, एवढेच तिचे काम. कटर घेताना पट्टी असलेलाच घ्यावा असा आग्रह मी धरला होता आणि तो मान्य झाला होता.

अक्षया ही इयत्ता आठवीत आहे. तिचे वडील देवगडला मच्छीमारी बोटीवर असतात. आई यशोदा काजूच्या कारखान्यात जाते. अक्षया डावखुरी आहे. तिच्याइतके चांगले अक्षर आमच्या शाळेत कोणाचे नाही, शिक्षकांचे धरूनही. दर्शनी फलक तीच लिहिते. पण तो तिने शाळा भरायच्या आधी येऊन लिहावा, अशी मुख्याध्यापक परशुराम धुरी सर यांची सूचना होती. डाव्या हाताने लिहिताना तिला इतर मुलांनी पाहू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

धुरी सर हे शाळेत लोकप्रिय आहेत. ते विनोद करत शिकवतात. नारळाच्या करवंटीच्या पळीला आमच्याकडे डवली म्हणतात. डावखुरी म्हणून सरांनी अक्षयाला ते नाव ठेवले होते. ती वहीत लिहायला लागली की सर म्हणत, "डवलीन भात वाढतत गो, लिवनत नाय." वर्ग हसत असे. पुढे पुढे मुलेही तिला डवली म्हणू लागली. सरांच्या तासाला तिचा डावा हात तिच्याच ओढणीने बाकाच्या पाठीमागच्या दांडीला बांधलेला असे. हात सुटला तर शिक्षा नव्हती. तिने तो स्वतः पुन्हा बांधून घ्यायचा होता. गाठ एका हाताने बांधता येत नाही, म्हणून शेजारची समीक्षा तिला मदत करी. याविषयी पालकांची तक्रार नव्हती. पालक सभेत तिची आई माझ्यासमोर सरांना म्हणाली होती की मारा, पण तिला उजव्या हातावर आणा. लग्नाच्या पंगतीत ही डाव्या हाताने वाढील तर लोक काय म्हणतील, अशी आईला काळजी होती.

साध्या कात्रीने डावखुऱ्या मुलांना कापताना त्रास होतो, पात्यांमध्ये कागद दुमडतो. म्हणून यंदा साहित्य मागवताना मी डावखुऱ्यांची एक कात्री सुचवली. शिक्षकांच्या बैठकीत सर म्हणाले, "बाई, मग डावे बाक मागवा, डावो फळो मागवा. माझ्या जाग्यार एक डावो मुख्याध्यापकय बघा." सगळे हसले. मीही हसले. कात्री मागवली गेली नाही.

खंडेनवमीला शाळेत हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी प्रयोगशाळेची चिमटे-हातोडी, शिपायाचा कोयता आणि माझ्या कपाटातले साहित्य कार्यालयात मांडतात. या वर्षी सरांनी कटरची पट्टी काढायला सांगितले. हळदकुंकू पात्याला लागले पाहिजे, प्लास्टिकला लावून काय उपयोग, असे ते म्हणाले. पट्टी मी काढली. पात्याला तेल लावून सरांनी स्वतः हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले. दसऱ्यानंतर पट्टी बसवायला घेतली तेव्हा स्क्रू मिळाले नाहीत. फुलांच्या निर्माल्याबरोबर गेले असावेत. मी सरांना सांगितले. नवीन स्क्रू दिवाळीच्या सुट्टीत आणू, असे ते म्हणाले. तोवर कटर मी कपाटात कुलपात ठेवला.

शुक्रवार दि. १० ऑक्टोबर रोजी शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन होते. मधल्या सुट्टीनंतर संस्थेचे सचिव भिकाजी पालव आणि इतर पाहुणे यायचे होते. मुलांच्या वस्तूंपुढे ठेवायच्या नावपट्ट्या कापायच्या राहिल्या होत्या. सरांनी कपाटाची चावी मागितली. चावी मी दिली.

नावे अक्षयाने लिहिली होती. पट्ट्याही तीच कापत होती. ती फळीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून, डाव्या हाताने हँडल आणि उजव्या हाताने कागदाचे लांबचे टोक धरून कापत होती. तसे उभे राहिल्याने तिचे एकही बोट पात्याजवळ येत नव्हते. ही पद्धत तिला कोणी शिकवली नव्हती. मी त्याच खोलीत समोरच्या टेबलावर वस्तू मांडत होते. मध्ये काही आडोसा नव्हता.

धुरी सर आत आले. पुढचे संभाषण मला आठवते तसे सांगते. सर म्हणाले, "पुजलेल्या पात्याक डावो हात लावतंस? फिर गो अशी." अक्षया अलीकडच्या बाजूला आली. सरांनी तिचा डावा हात कागदावर ठेवला आणि उजवा हँडलवर. तिने कापून पाहिले. उजव्या हाताला जोर नसल्यामुळे पाते अर्ध्यावर अडकले. कागद सरकू नये म्हणून तिने डाव्या हाताची बोटे पुढे घेतली. ती म्हणाली, "सर, माका असा जमणा नाय."

सर म्हणाले, "जमतला. मी आसंय मां."

त्यांनी तिच्या उजव्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि हँडल खाली दाबले.

हँडलवर त्या वेळी दोन हात होते. वरचा हात धुरी सरांचा होता. हे मी स्वतः पाहिले आहे. माझी नजर चुकली असण्याची शक्यता आहे का, असे मला आता दोनदा विचारण्यात आले. नाही.

अक्षया ओरडली नाही. ती सरांकडे बघून म्हणाली, "कागद खराब झालो, सर." त्यानंतर तिला हात दिसला.

सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हाताला गुंडाळला आणि आपली गाडी काढायला लावली, हेही मी सांगते. मी गाडीत बसताना ते मला म्हणाले की बाई, लक्षात ठेवा, ही एकटीच खेळत होती. मी अक्षयाला मांडीवर घेऊन मागे बसले. सर मागे राहिले, कारण पाहुणे पोचत होते.

जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी रुमाल सोडला. लिहिण्याच्या हाताची दोन बोटे, तर्जनी आणि मधले, पहिल्या पेराशी तुटलेली होती. तुटलेला भाग आणला आहे का, असे त्यांनी विचारले. वेळेत मिळाला तर प्रयत्न करता येईल, असे म्हणाले. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी शाळेत फोन केला. शिपायाने सांगितले की पाहुण्यांना रक्त दिसू नये म्हणून सरांनी खोली लगेच साफ करून घेतली. कागदाची कात्रणे होती तशीच केरात गेली. केर मागच्या खड्ड्यात जाळला होता. मी त्याला खड्ड्यात बघायला सांगितले. तो बघून आला आणि नाही म्हणाला. माझ्या फोनमध्ये मागून प्रदर्शनाच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

अक्षयाची आई कारखान्यातून परस्पर रुग्णालयात आली. ती पलंगाच्या पायथ्याशी खाली बसून रडू लागली. अक्षयाने काही वेळ तिच्याकडे पाहिले. मग मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारले, "बाई, तो डावोच हात मां? मगे आई कित्याक रडता?"



शनिवारी सकाळी मला कार्यालयात बोलावले. धुरी सर आणि सचिव पालव हजर होते. पोलीस ठाण्यात द्यायचा शाळेचा अहवाल तयार होता. विद्यार्थिनी परवानगीशिवाय कटरशी खेळत असताना तिच्या डाव्या हाताला किरकोळ इजा झाली, असे त्यात होते. साक्षीदार म्हणून मी सही करावी, असे सांगण्यात आले. मी म्हटले, दोन बोटे किरकोळ कशी. पालव समजावणीच्या सुरात म्हणाले की नशीब म्हणा, डावा होता, लिहायचा हात शाबूत आहे. सर म्हणाले, "आता आपोआप उजव्यान लिवतला. मी चार महिने सांगून जा जमला नाय, ता झाला." ते हसण्यासाठी थांबले. कोणी हसले नाही असे मी म्हणणार नाही. पालव हसले.

मी सही केली नाही. त्यावर पालवांनी मला सांगितले की हँडलवर कोणाचा हात होता हे निघाले, तर पट्टी कोणी काढली आणि चावी कोणी दिली हेही निघेल. मी म्हटले, निघू दे. पट्टी मी काढली, चावी मी दिली. दोन्ही वर लिहून दिले आहे.

रविवारी मी गावकरांच्या घरी गेले. पालव आदल्या संध्याकाळी तिथे येऊन गेले होते. ओटीचे सामान आणि केळ्यांचा घड पडवीत होता. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, अशा कागदावर यशोदाबाईंनी सही केली होती. अक्षयाची दहावीपर्यंतची जबाबदारी शाळा घेईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. मी जे पाहिले ते पोलिसांना सांगणार आहे, असे मी त्यांना म्हणाले. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी कित्याक मधी पडतात? माझ्या चेडवाक अजून दोन वर्सां थंयच शिकाचा आसा. तुमी बोलतलात नि घरी जातलात." त्या रागाने बोलल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला.

आत अक्षया अंथरुणावर बसली होती. बँडेज बांधलेला हात तिने पाठीमागे घेतला होता, वर्गात घ्यायची तसाच. पुढ्यात पाटी होती. ती उजव्या हाताने स्वतःचे नाव लिहीत होती. पहिले अक्षर मला वाचता आले नाही. तिने मला विचारले की सर आता रागावणार नाहीत ना. मी तिला झोपायला सांगितले आणि निघाले.

माझे धुरी सर किंवा पालव यांच्याशी पूर्वीचे वैर नाही. पालकांनी तक्रार नसल्याचे लिहून दिले असले, तरी मी पाहिले त्यात बदल होत नाही. मला कोणी शिकवून पाठवलेले नाही.

लिहून झालेला मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात दुखापत सांगितली आहे तिथे 'डाव्या हाताची दोन बोटे' असे आले होते. ते बदलून 'लिहिण्याच्या हाताची दोन बोटे' असे करावे, असे मी सांगितले. डावा की उजवा एवढेच लागते, असे हवालदार म्हणाले. मी पुन्हा तेच सांगितले. त्याप्रमाणे आधीचे शब्द खोडून नवे वर लिहिले आहेत आणि खोडल्या जागी मी वेगळी सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही
(सौ. स्वप्ना सुदेश मुणगेकर)