चौकोन पाठ झाले, दूध उतू गेलं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज आपला निरोप घेणाऱ्या आपल्या प्रशिक्षक ताई आणि या स्मरणवर्गात माझ्याबरोबर डोकं झिजवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आत्ताच पाहुणे म्हणाले, की या वर्गानं आमचे मेंदू तरुण झाले. साहेब, राग मानू नका, पण हे ऐकून ऐकून मी कंटाळले आहे. माझा मेंदू माझ्याच वयाचा आहे. शेजारणीचं नाव आजही ओठांवर येऊन अडतं.

मग झालं काय? सांगते. मी एकटी राहते. गॅसवर दूध ठेवायचं नि विसरायचं, असं होऊ लागलं. एकदा पातेलं जळून धूर जिन्यापर्यंत गेला. मुलगा म्हणाला, "आई, घर बंद कर आणि आमच्याकडे चल." सूनबाई मध्ये पडली, म्हणून मी या वर्गात आले. इथं पडद्यावरचे चौकोन लक्षात ठेवायचे. ठेवले. पहिली आले. ऐटीत घरी जाऊन दूध तापत ठेवलं आणि ते उतू गेलं.

तरातरा परत आले. म्हटलं, "ताई, तुमच्या चौकोनांचा उपयोग काय?"

त्या म्हणाल्या, "आजी, चौकोन शिकवले, चौकोन आले. दूध कुठं शिकवलं मी? उद्या घरी येते."

आल्या. ओट्याशी उभ्या राहून नुसतं बघत होत्या. मी गॅस पेटवला, तोच बाहेर फोन वाजला. आमचे चिरंजीव. रोज त्याच वेळी विचारणार, "आई, गॅस बंद केलास ना?" मी बाहेर त्याची समजूत घालतेय आणि आत दूध उतू जातंय. ताईंनी फोन माझ्या हातून घेतला. "दादा, तुमच्या काळजीच्या वेळीच दूध उतू जातं. जरा उशिरा करत जा."

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन उशिरा येऊ लागला.

मग ताईंनी सवय लावली: गॅस पेटला की हातात डाव घ्यायचा, आणि गॅस बंद केल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही. दार उघडायला गेले तरी डाव हातात. पुन्हा पुन्हा तेच. मी चिडले, त्या चिडल्या नाहीत. आज मी माझ्याच घरात आहे. मुलानं माझ्यासाठी राखून ठेवलेली खोली नातीला अभ्यासाला दिली.

अध्यक्ष महोदय, आपण म्हणालात, ताई गेल्या तरी संगणक इथंच आहेत. संगणक कुणाच्या ओट्याशी येऊन उभा राहणार आहे? ताईंच्या जागी माणूस द्या.

ताई, तुमचे आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, तरी मानते. वैतागाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभेनं तेवढं पोटात घालावं. मागणं मात्र लक्षात ठेवावं.