पवनचा माइक

—नाई वैभवीताई, तुमच्या टीमसाठी मी माइकवर बसणार नाई, सांगतलं ना एकदा. स्क्रीन टाकून देतो, चार्जिंगचं भोक साफ करून देतो, तेही फुकट — पण ते नाई. काहून? आता काहून म्हंजे... बसा. स्टूल भिताले टेकवून बसा, त्याचा एक पाय डुगडुगते. कारंज्याले तुमाले कोणं सांगतलं, कामरगावचा मोबाइलवाला पवन गेममधी भेव दाखवते म्हून? खरंच सांगतलं. मले खेळता येत नव्हतं, ढ होतो निरा — खेळाले तिघं होते, मी फकस्त बोलाले. समोरच्याइले ऐकू जाते तो माइक सुरू करायचा अन् बोलायचं. शिव्या? शिव्यानं कोणी भेत नाई. पोरं तुमाले घाण बोलतात म्हून आल्या ना तुमी? त्याइचा आवाज बंद करा, झालं. भेव दाखवाले आवाज चढवा नाई लागत, खाली आणा लागते. "फुलचंद, तुमची गाय सुटली रे, हरभऱ्यात घुसली" — बस. फुलचंदचा अंगठा थांबला, का आमच्या पोरानं टिपलाच त्याले. आता त्याची गाय मले काय माईत? अहो, दुकानात फोन घेऊन येते तो साऱ्या घरचा पाढा वाचून जाते!

समोरच्या टीममधी इंझोरीचा संघपाल — तसा खेळणारा साऱ्या जिल्ह्यात नाई. घरात दोघंच, तो अन् माय, भागिरथाबाई. म्या म्हटलं, "संघपाल, तुही माय पडली बे वावरात." फोन फेकून पळाला! अन् माय घरी बसून तूर निवडून राह्यली होती. हासलो आमी, बम हासलो. दुसऱ्या खेपीही पळाला — माय हाये ना शेवटी. मंग मायनंच दम देल्ला म्हंतात, "त्या पवनचं ऐकशीन तर याद राख."

तिसऱ्या खेपी फायनल होती, दुपारी दोनची. नेटसाठी संघपाल शेलूबाजारले, दोस्ताच्या खोलीवर. इकडं भागिरथाबाईले निंदताना पान लागलं — सरप डसला, जी. लोक संघपालले फोन लावून राह्यले, पण खेळाले बसला का कोणी फोन येऊ देत नाई. माह्या दुकानाचा फोन वेगळा, म्हून त्याच्या मामानं मले लावला — "त्याले सांग, मायले दवाखान्यात नेऊन राह्यलो, त्याचंच नाव घेऊन राह्यली." म्या सांगतलं ना! लगेच सांगतलं. "संघपाल, तुह्या मायले पान लागलं, पळ." तो हासला. म्हणे, "पवन, तिसऱ्यांदा नाई." अन् खेळत राह्यला. जिंकला. दवाखान्यात माय अर्धा घंटा जित्ती होती, दाराकडंच पाहत. तो पोचला तवा झाकली होती तिले.

लगेच म्हंजे... अशा काय पाहून राह्यल्या ताई? फोन आला तवा सामना सुरू व्हायचा होता. मले वाटलं, आत्ताच सांगतलं तर सामना पुढं ढकलतीन. गेममधी शेवटी दोघं-चौघं उरले का सांगू — तो पळन, आमी जिंकू, मायलेही भेटन. दोन्ही कामं होतीन. असं वाटलं मले, खरंच असं वाटलं. अन् सांगतलं तेही त्याच खालच्या आवाजात. खरं सांगाले माह्याजवळ दुसरा आवाजच नव्हता.

तीन वर्षं झाली. त्यानं मले मारलं नाई, एक शिवी देल्ली नाई. फकस्त रोज दुपारी दोन वाजता गेममधी त्याचं बोलावणं येते. मी गेलो का तो माइक सुरू ठेवते, बोलत नाई. पंखा ऐकू येते, कोंबडी ऐकू येते. घरात दुसरं कोणी नाई, हेही ऐकू येते. अर्धा घंटा. मंग जाते. मी मांगं दोनदा म्हटलं, "संघपाल, माफ कर." काईच नाई. त्यालेही वाटत असन, हा पवनचा डाव हाये. नाई गेलं तर? एक दिवस नाई गेलो, ताई — तर त्याच्या घरचा पंखा मले इथं दुकानात ऐकू येऊन राह्यला होता.

तुमाले भेव दाखवणं शिकायचं ना? त्याच्यापाशी जा.

घ्या तुमचा फोन. वाजला पाहा माहा. दोन झाले. दार हळू लोटा. नाई, आता काईच विचारू नका, बोलू नका — माइक सुरू झाला—