विशाखाचा अहवाल माझ्या टेबलावर होता

विशाखाच्या आई, तिचा भाऊ, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि एवढ्या लांब कोकणातून आलेल्या सुगंधाताई,

विशाखाच्या या शोकसभेत बोलायला मी उभा आहे. माझ्याआधी चौघं बोलले. चौघांनीही विशाखाला विदुषी म्हटलं. ती होती तेव्हा स्टाफरूममध्ये आपण तिला काय म्हणायचो? 'समुद्रवाली'! मी तिचा विभागप्रमुख. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो. "बाई, समुद्र कायले पाह्यजे? इथल्या वडाळी तलावातच मोजा ना काय मोजाचं ते!"

पातूरची ही मुलगी दर सुटीत कोकणातल्या एका खाडीवर जायची. तिथलं कांदळवन तोडून कोणीतरी कोळंबीची तळी केली होती. धंदा बसला, माणसं निघून गेली, चिखल उरला. विशाखाला एकच गोष्ट शोधायची होती. ते जंगल परत आणलं, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय परत येतं?

पहिल्या वर्षी तिनं गावातल्या बायकांबरोबर रोपं लावली. सगळी मेली. सुगंधाताई त्या खाडीत खेकडे धरून पोट भरतात. त्या म्हणाल्या, पाण्याची वाट अडवून ठेवलीय, झाड काय करणार? मग सगळ्यांनी मिळून एका तळ्याचा बांध फोडला. भरती आत आली. पाण्याबरोबर बिया आल्या आणि आपल्या आपण रुजल्या.

त्यानंतर सहा वर्षं ती मोजत राहिली. फोडलेल्या तळ्यात किती मासे, किती खेकडे. शेजारच्या बंद तळ्यात किती. गुडघाभर चिखलात उभं राहून. एकदा परत आली, पायांची सालं निघालेली, आणि मला म्हणाली, "सर, बंद तळ्यात जाळं रिकामं. अन् इकडे माशाची पिल्लंच पिल्लं! मले तं रडूच आलं."

मी म्हणालो, हजेरीपत्रक पूर्ण करा.

गेल्या वर्षी त्या फोडलेल्या तळ्यावरून रस्ता न्यायचं ठरलं. सरकारी कागदावर जागा 'ओसाड' होती. सुनावणी लागली. विशाखानं अहवाल लिहिला. तो माझ्या सहीनं जायचा होता. माझ्या टेबलावर होता.

"सर, वाचला का?"

"वाचून राहिलो ना."

मी तो उघडलाही नव्हता. कामं होती म्हणून नाही. मला तिचा हेवा वाटत होता. आज तिच्या आईसमोर हे बोलायलाच हवं.

सुनावणी होऊन गेली. सहीशिवाय अहवाल कोणी घेतला नाही. तळ्यात मुरूम पडला. ती जाऊन बघून आली. माझ्या दारात उभी राहिली आणि एवढंच विचारलं, "सर, काहून?"

मी म्हणालो, राहून गेलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. मीही कधी माफी मागितली नाही. वाटलं, वेळ आहे. मागच्या आठवड्यात अकोल्याहून येताना मूर्तिजापूरजवळ तिची गाडी उलटली.

परवा मी पातूरला गेलो. म्हणालो, आई, विशाखाच्या वह्या द्या, विभागातर्फे पुस्तक काढतो. आईंनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमाले नाई देत, सर. तिचा एक कागद सांभायला नाई तुमी."

त्या वह्या त्यांनी सुगंधाताईंना दिल्या. शेजारचं बंद तळं अजून बुजवलेलं नाही. त्याची सुनावणी व्हायची आहे. सुगंधाताई त्या वह्या घेऊन तिथं उभ्या राहणार आहेत. त्यांनी माझी सही मागितलेली नाही.

आता सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगा, असं संयोजकांनी मला सांगितलंय. ते मी सांगणार नाही. जेव्हा बोलायचं होतं तेव्हा गप्प बसलेला माणूस आज कोणाला गप्प राहा म्हणणार? आई, तुम्ही उठाल तेव्हा आम्ही उठू.

विशाखा, जय भीम.