दोन महिन्यांत एकही मास्क बाद नाही

सदाशिव पेठेतल्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पन्नाशीचं एक जोडपं बसलं होतं. आधी बाईच बोलल्या.

"दूध करपून पातेलं काळं झालं, आणि आपण शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"सर्दी आहे गं, नीरजा."

"दोन महिने? आणि कामावर काय करता?"

"हळू बोल. विषारी वायूच्या हल्ल्यात जवानांनी घालायचे सूट तपासतो, ठाऊक आहे तुला."

"नाकाचं काम काय त्यात?"

"सूट आणि मास्क चढवून मी बंद खोलीत उभा राहतो. तिथे केळ्याच्या वासाचं एक रसायन सोडतात. मला आत वास आला, तर मास्कला फट आहे. तो बाद."

"नाही आला तर?"

"पास. मी सही करतो."

"अहो... या दोन महिन्यांत किती बाद केलेत?"

"एकही नाही. साहेब खूश आहेत. म्हणाले, इतका चांगला माल कधी आलाच नव्हता."

"ते मास्क अजून तिथेच आहेत ना?"

"सोमवारी गाडी गेली."

"आत्ताच्या आत्ता साहेबांना फोन लावा."

"उगाच घाबरवू नकोस. थोडा थोडा येतो मला वास."

"डोळे मिटा."

"इथे? लोक बघताहेत."

"मिटा म्हणते ना. आता सांगा, नाकासमोर काय धरलंय?"

"अगं, धर तर आधी काहीतरी."

बाईंच्या हातातल्या सोललेल्या केळ्याचा वास माझ्या खुर्चीपर्यंत येत होता.