फाटकावरची मोजणी

नाही हो, उठू नका, पायरीवर बसायला कुणालाच ना नाही — मी फक्त विचारतेय. विचारायला नको? रोज सकाळी येता, रेल्वेच्या फाटकाकडे तोंड करून बसता, हातात ते एवढंसं यंत्र, स्कूटर गेली की अंगठा दाबता, टिक, टेम्पो गेला की टिक — कुणाशी बोलणं नाही की चालणं नाही. आमच्या ह्यांना म्हटलं, हा माणूस नगरपालिकेचा, दंड करायला बसवलाय. तर म्हणतात, अगं, दंडवाला पावतीपुस्तक घेऊन येईल, यंत्र कशाला? ह्यांचं काय, ह्यांना सगळे साधेच दिसतात — एकदा सायकल चोरून नेणाऱ्याची निसटलेली चेनसुद्धा ह्यांनीच बसवून दिली होती. आणि सायकल आमचीच! घ्या, पाणी घ्या. नको? का? अहो, पाणीच आहे ते. मी तुमच्याकडे संशयाने बघायचं, तर तुम्हीच माझ्याकडे बघताय की!

आणि दंडाचं म्हणाल तर — बरं, तुम्ही म्हणाला नाहीत, मीच म्हणतेय — आमच्या गल्लीतलं कुणी बंद फाटकाखालून जात नाही. तो दंडाचा बोर्ड लागलाय ना, तेव्हापासून नाही. म्हणजे आधी जायचे. आता जातात एखाददोन, पण ती पलीकडची माणसं. मी? मला वाकता तरी येतं का? गुडघे बघा माझे. मी मुकाट उभी राहते डबा धरून, गाडी जाईपर्यंत. लेकीचा डबा. ती बघा, रुळांच्या पलीकडे निळ्या गजांची गॅलरी — तेच तिचं घर. मुद्दाम जवळचं स्थळ बघितलं. सातवा महिना चाललाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, मागच्या वेळी टिकलं नव्हतं — जाऊ दे ते. जावई कारखान्यात पाळीवर, मग करणार कोण? इथला कुकर उतरवते आणि वाफ जायच्या आत तिथे पोचते. मध्ये काय, एवढं एक फाटक.

तर तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. हसू नका. इस्त्रीवाल्याने सांगितलं. तुमच्या रेल्वेच्या इंजिनीअरसाहेबांचे शर्ट तोच करतो. कपडे पोचवायला गेला तेव्हा साहेब फोनवर म्हणत होते, ‘मोजणी करू, आकडा बघू आणि मग फाटक कायमचं बंद करायचं का ते ठरवू.’ कायमचं! तो गठ्ठा तिथेच टाकून धावत माझ्याकडे आला. आता आकडा बघून बंद म्हणजे काय, हे कळायला फार शिकावं लागतं का? आमची बस बंद केली, का तर माणसं चढत नाहीत. टपालपेटी उचलून नेली, का तर पत्रं पडत नाहीत. म्हणजे फाटकातून गाड्या कमी गेल्या की घातलीच भिंत. मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं? — म्हणजे बघतच बसलोय, आम्ही काही केलं नाही.

कोण, दूधवाला? जात असेल सारखा, त्याचा धंदाच तो आहे. कॅन रिकामे? तुम्ही कॅनमध्येसुद्धा बघता? बाई बाई, काय नजर म्हणायची! रिक्षावाला रिकामा फिरतो कारण त्याचं डोकंच जरा तसं आहे. आणि सायकलवरचा तो शिंपी, बटणं आणायला जातो. हो, एकेक बटण आणतो, फार चोखंदळ आहे. हातगाडी? ती — ती मी ढकलत होते, बरोबर. अहो, आधी मी पायीच हेलपाटे घालत होते, डबा रिकामा, पाय सुजले, आणि तुमचा अंगठा काही हलेना! मग लक्षात आलं, हा बाबा माणसं मोजत नाही, चाकं मोजतो. म्हणून इस्त्रीवाल्याची गाडी मागून घेतली, आणि —

झालं. बोलून बसले. माझं तोंड ना!

आता सगळंच ऐका मग. मीच फिरले घरोघर. म्हटलं, जमेल तितक्या वेळा फाटक ओलांडा, पण चाकांवरून. एकाने उलटून विचारलं नाही. रिक्षावाला म्हणाला, काकू, पेट्रोलचं काढू नका, तुमची लेक मलाही बहिणीसारखी आहे. शिंप्याला तर धाप लागते, तरी फिरतोय. तेव्हा तुम्ही एवढंच लिहा दादा, की फाटकाचा वापर भरपूर आहे, राहू द्यावं —

मान का हलवताय?

काय? नाही, पुन्हा सांगा. सावकाश सांगा. गाड्या जास्त — जास्त झाल्या तर धोका जास्त, म्हणून बंद? आणि मग पूल? कुठे? गोदामांच्या तिकडे! अहो, म्हणजे तिथवर जायचं, वर चढायचं, उतरायचं आणि तेवढंच परत मागे यायचं — ह्या गुडघ्यांनी? पोरीला मध्येच काही झालं तर? आणि गाड्या कमी असत्या तर? ... आहे तसंच राहिलं असतं.

खोटं बोलताय तुम्ही. कुणी पढवून पाठवलंय तुम्हाला. — नाही, तोंड काही खोटं बोलणाऱ्याचं दिसत नाही तुमचं, हीच तर पंचाईत आहे. मग ते यंत्र मागे फिरवा. फिरत नाही? आजच जमा करायचंय? मग सांगा ना साहेबांना, ही बाई खुळी आहे, हिने सगळ्यांना खुळ्यासारखं फिरवलं म्हणून. तुम्ही फक्त मोजता. कोण कशाला गेलं ते लिहायला जागाच नाही. बरं.

अरे ए, थांबा! घरी जा सगळे! नका जाऊ रे! — ऐकू कुठून येणार, फाटक उघडलं की हा गलका. बघा, दूधवाला हात करतोय मला. आणि त्याच्या मागे तो शिंपी, पायडल मारवत नाहीये तरी हसतोय, मला दाखवतोय की आणखी एक फेरी झाली म्हणून.

दादा, नका दाबू. एवढं एक नका दाबू. ती वाहतूक नाही हो, तो शिंपी आहे आमचा.

दाबलंत.