बेटावरची पाकिटं

स्कॉटलंडमधल्या ओबन बंदराच्या पोस्टात रांगेत माझ्यापुढे दोघं म्हातारे बहीणभाऊ होते. भाऊ सकाळच्या बोटीने बेटावरून आलेला.

"दादा, पेपरातला नकाशा बघितलास? म्हातारी माणसं कॅन्सरने कुठे किती मरतात त्याचा. आमचा भाग फिका, तुमचं बेट लालभडक."

"बघितला. म्हणून तर आलो."

"एवढी चांगली हवा, ताजे मासे. मग मरता कशाने तुम्ही?"

"लाजेने, पेगी. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पाकीट घरी येतं ना टपालाने?"

"येतं की. काडीवर शौचाचा नमुना घ्यायचा, पाकिटात घालायचा, पाठवून द्यायचा. मी दर खेपेला पाठवते."

"तुझं ठीक आहे. आमच्याकडे ते पोस्टातल्या शीनाच्या हातात द्यावं लागतं. दर रविवारी चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसून गाते."

"अरे देवा. म्हणून एका पाकिटासाठी समुद्र ओलांडलास?"

"एका कुठे? ही पिशवी धर जरा."

"अगं बाई. किती आहेत ही?"

"एकेचाळीस. काल दारोदार फिरलो. 'ओबनला टाकतो' म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही."

"आणि शीनाला कळलं म्हणजे?"

"सगळ्यात आधी तिनेच स्वतःचं आणून दिलं."